क्लॅरनेटच्या एक पाऊल पुढे

ढाणकीच्या बाजारात रहेमानभाईचं नाव निघालं की लोक आधी त्याच्या गाद्यांबद्दल बोलतात, मग क्लॅरनेटबद्दल, आणि मग आवाज खाली आणून त्याच्या जळकेपणाबद्दल. मी तिन्ही गोष्टी जवळून पाहिल्या आहेत. आमच्या बँडमध्ये तो सगळ्यात पुढे क्लॅरनेट घेऊन चालायचा आणि मी, घनश्याम, सगळ्यात मागे पोटावर मोठा ढोल बांधून. ढोलवाल्याकडे वरातीत कोणी बघत नाही. नवरदेवाच्या घोडीला तरी पोरंटोरं हात लावून पाहतात. पण पुढच्या सगळ्यांच्या पाठी ढोलवाल्याला दिसतात, आणि रहेमानभाईची पाठ मी पंधराएक वर्षं पाहिली.

त्याचं घराणं पिंजाऱ्यांचं. दिवाळी झाली की गाद्या भरायच्या, लग्नं सुरू झाली की लाल कोट घालून बँडमध्ये जायचं, असं त्याचं वर्ष. गावात कापूस पिंजायची मशीन आली तरी हा हातातलं धनुष्यासारखं पिंजण सोडायला तयार नव्हता. त्याच्या गादीला गाठ लागत नसे, हे मलाही मान्य करावं लागतं. मात्र पिंजताना तो खोलीचं दार आतून लावून घ्यायचा. आपला हात कोणी पाहू नये म्हणून. जुन्या गाद्यांचा कुबट, ओल लागलेला कापूस तो त्या बंद खोलीत दिवसभर पिंजायचा आणि संध्याकाळी भुवया पांढऱ्या करून बाहेर यायचा.

त्याची बायको सुग्राबी बाहेरून दार वाजवायची. "अजी, उघडा न ते दार. जीव घुसमटून जाईन."

आतून उत्तर यायचं, "काहून? तुह्या भावाले दाखवाचं हाय काय?"

हा भाऊ म्हणजे नौशाद. आईवडील गेल्यावर सुग्राबीने त्याला लहानपणीच ढाणकीला आणलं आणि पोटच्या पोरासारखं वाढवलं. आता तो चांगला पंचविशीचा गडी होता. दिवसा मोटारसायकली दुरुस्त करायचा आणि बँडमध्ये दुसऱ्या रांगेत ट्रम्पेट वाजवायचा. स्वभावाने इतका गरीब की कोणी पायावर पाय दिला तर हाच माफी मागेल. रहेमानभाईला तो डोळ्यांसमोर नको व्हायचा. नौशादच्या ताटात गरम भाकर पडते आणि आपल्या ताटात कोमट, हे त्याने मला इतक्या वेळा ऐकवलं होतं की एकदा मी म्हटलं, "मग चुलीजवळ बसत जा." त्यानंतर आठवडाभर तो माझ्याशी बोलला नाही.

खरं दुखणं भाकरीचं नव्हतं. एका शुक्रवारी तो नमाजाला गेला असताना नौशादने पेटीतून क्लॅरनेट काढली आणि वाजवली. नवरी सासरी निघताना आम्ही जी धून वाजवायचो, तीच. रहेमानभाई परत येत होता, मी सोबत होतो. धून कानावर पडली तसा तो भर रस्त्यात थांबला. मागून बैलगाडी आली, गाडीवाला ओरडला, तरी हा हलला नाही. धून संपेपर्यंत उभा राहिला.

"घनश्या," तो म्हणाला, "कोन वाजवून राह्यलं?"

"नौशाद."

"मले माहीत हाय," असं म्हणून तो घरी गेला नाही, बाजारात गेला आणि पेटीसाठी कुलूप घेऊन आला.

वाईट वाजवलं असतं तर त्याने पोराला दोन शिव्या देऊन सोडून दिलं असतं. नौशादने चांगलं वाजवलं होतं. न शिकवता, नुसतं मागच्या रांगेतून ऐकून.

ती कापसाची वाईट वर्षं होती. लग्नं आटोपशीर व्हायला लागली होती, बँडला बोलावणी कमी, नवीन गाद्या कमी. त्यातच दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात एका वरातीत रहेमानभाईचा सूर मध्येच तुटला. त्याने खोकून तोंड कोटाच्या बाहीला पुसलं. कोट लाल, त्यामुळे कोणाला काही दिसलं नाही. पण क्लॅरनेटचं तोंडाजवळचं टोक पांढऱ्या रुमालात पुसलं तेव्हा रुमालावर रक्त होतं. तेवढ्यात नौशादने ट्रम्पेटवर ती धून उचलली आणि वरात न अडखळता पुढे गेली.

वरात मांडवाशी पोचल्यावर रहेमानभाई आधी नौशादवर धावून गेला. "तुले कोनं सांगतलं होतं उचलाले?"

"दुल्हाभाई, तुमच्या तोंडातून खून येऊन राह्यलं न."

"येऊ दे. माह्या तोंडातून येते, तुह्या नाही."

तरुणपणी त्याला टीबी झाला होता, औषधाने बरा झाला होता. म्हणून गावातल्या डॉक्टरला वाटलं, पुन्हा तेच. त्याने त्याच गोळ्या पुन्हा सुरू केल्या. थुंकी तपासली तर टीबी सापडेना आणि रक्त थांबेना. शेवटी सुग्राबीने त्याला नागपूरला मोठ्या दवाखान्यात नेलं. सोबत नौशाद होता, आणि दवाखान्यातली मराठी बोलायला मी. त्यांच्या घरात हिंदी-वऱ्हाडीची खिचडी चालते; मोठ्या डॉक्टरसमोर ती बोलायला सुग्राबी लाजायची.

ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टर बाई होत्या. त्यांनी छातीची फिल्म दिव्यावर लावली आणि बोट ठेवून समजावलं. "जुन्या टीबीनं उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात पोकळी करून ठेवली आहे. टीबी गेला, जागा रिकामी राहिली. तिथं बुरशी येऊन वाढली आणि तिचा गोळा झाला. हे पाहा, तुम्हाला पालथं झोपवून काढलेली दुसरी फिल्म. गोळा जागेवरून सरकलाय. तुम्ही कूस बदलली की तो आत हलतो."

रहेमानभाई त्या दोन्ही फिल्मा बराच वेळ पाहत राहिला. मग नौशादकडे पाहून म्हणाला, "घरात एक, छातीत एक. दोघंही माह्याच हवेवर जगून राह्यले."

नौशादने मान खाली घातली. डॉक्टरांना काही कळलं नाही, आणि मीही ते मराठीत सांगायच्या भानगडीत पडलो नाही.

"कापसाच्या धुळीनं झालं काय?" सुग्राबीने विचारलं.

"तसं सांगता येणार नाही. ही बुरशी हवेत सगळीकडेच असते. जुन्या, ओलसर कापसात जास्त असते. बंद खोलीत पिंजत असाल तर ते चांगलं नाही, एवढं मात्र नक्की."

सुग्राबीने वळून नवऱ्याकडे पाहिलं.

गोळ्यांनी हे जाणार नव्हतं. औषध रक्तातून पोचतं आणि बुरशीच्या गोळ्यात रक्त जात नाही, भोवतालच्या शिरा मात्र फुटतात, असं डॉक्टर म्हणाल्या. एखाद दिवशी मोठी शीर फुटली तर दवाखान्यापर्यंत यायलाही वेळ मिळायचा नाही. उपाय एकच. उजव्या फुप्फुसाचे तीन भाग असतात, त्यातला वरचा गोळ्यासकट काढून टाकायचा.

"मंग फुंकू कुठून?" रहेमानभाई म्हणाला.

"उरलेल्यातून. व्यायाम केलात तर रोजचं सगळं नीट होईल. पण वरातभर क्लॅरनेट वाजवता येईल, असं वचन मी देत नाही."

तिथेच त्याने नकार दिला. बसमध्ये मला म्हणाला, "मी खाटेवर पडलो का तो पुढच्या जागेवर उभा राह्यलाच समज." मी म्हटलं, मेलास तर काय होईल? त्यावर तो खिडकीबाहेर पाहत बसला. मरण त्याला चालणार होतं, पण नौशादचं पुढे चालणं नाही. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

दिवाळीनंतर एका सकाळी त्याला वाटीभर रक्त पडलं. मी गेलो तेव्हा तो ओट्यावर भिंतीला टेकून बसला होता, चेहरा पिंजलेल्या कापसासारखा. सुग्राबी अंगण धूत होती. तिने झाडू भिंतीला लावला आणि नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

"नाई जायचं न तुम्हाले नागपूरले? नका जाऊ. पण एक सांगा. तुम्ही गेल्यावर ती क्लॅरनेट कोनाच्या हातात जाईन?"

त्याने तोंड फिरवलं.

"मी सांगतो," ती म्हणाली. "चाळिसाव्या दिवशी मी कुलूप तोडीन आन् नौशादच्या हातात देईन. तुमचा कोटही देईन. सगळी ढाणकी म्हणन, रहेमानपेक्षा बरा वाजवते."

रहेमानभाई भिंत धरून उठला. "घनश्या, नागपूरची बस किती वाजता हाय?"

डॉक्टरांनी सांगून जे झालं नाही, ते बाईने एका दमात करून टाकलं. नवऱ्याचं कुठं जळतं हे तिला फिल्मशिवाय ठाऊक होतं.

निघायच्या आदल्या दिवशी त्याने मागच्या खोलीचं दार लावून घेतलं. क्लॅरनेटचे दोन-तीन दबके सूर आले, मग काहीच नाही; पिंजणाचाही आवाज नाही. आम्हाला वाटलं, नमाज पढत असेल.

ऑपरेशनच्या आधी श्वासाची ताकद पाहायची असते. मशीनच्या नळीत सगळा जीव लावून फुंकायचं. रहेमानभाईने गाल न फुगवता, पोटातून असं फुंकलं की तपासणारा माणूस खूश झाला. "या फुप्फुसात एवढा दम? वा!" झालं. आमच्या रहेमानभाईला तेवढ्याने भागलं नाही.

"आता याले फुंकवा," त्याने नौशादला पुढे ढकललं.

"अहो, यांना कशाला? हे काय पेशंट आहेत?"

"फुंकवा म्हनतो न. त्याशिवाय मी ऑपरेशनले जात नाही."

तपासणारा वैतागला, पण त्याने नळी बदलली. नौशादने फुंकलं. त्याचा आकडा कमी आला, तोही थोडाथोडका नाही. रहेमानभाईने तो आकडा दोनदा विचारून घेतला, आणि ऑपरेशनच्या खोलीकडे तो असा गेला की जणू नवरदेवाला आणायला चाललाय. बंद दाराबाहेर सुग्राबी तस्बीहची जपमाळ ओढत बसली आणि नौशाद जमिनीवर तिच्या पायाशी.

ऑपरेशन लांबलं. फुप्फुस जुन्या आजाराने छातीला आतून चिकटलं होतं, ते सोडवताना रक्त बरंच गेलं. शेवटी डॉक्टरांनी आम्हाला बोलावून ट्रेमध्ये तो गोळा दाखवला. मळकट, भुसभुशीत, लिंबाएवढा. अळीने खाल्लेल्या बोंडातून जो डागी कापूस निघतो, अगदी तसा. एवढ्याशा गोष्टीने माणसाचा जीव टांगणीला लावला होता. सुग्राबीने तोंडाला पदर लावला आणि पहिल्यांदाच रडली.

छातीत नळी असताना रहेमानभाई पडून राहिला असता, पण शेजारच्या खाटेवर झरी जामणीकडचा पूनमसिंग होता. ऑपरेशन झालेल्यांना श्वास ओढून प्लॅस्टिकच्या डबीतले तीन चेंडू वर उचलायचा व्यायाम देतात. पूनमसिंग तिन्ही उचलायचा. रहेमानभाईचा एकच वर जायचा आणि तोही लगेच खाली. मग काय विचारता! नर्सने दिवसातून जितक्यांदा सांगितलं त्याच्या दुप्पट तो करू लागला, दुखलं की डोळ्यांतून पाणी काढत. पूनमसिंगला सुट्टी झाली त्या दिवशी याचे तिन्ही चेंडू वर होते. डॉक्टर म्हणाल्या, असा मेहनती पेशंट पाहिला नाही. मी म्हटलं, बाई, तुम्ही त्याला ओळखत नाही.

होळीच्या सुमाराला आम्ही ढाणकीला परतलो. रहेमानभाईने पाणीसुद्धा घेतलं नाही, सरळ मागच्या खोलीत गेला. आतून गाद्या इकडच्या तिकडे टाकल्याचा आवाज यायला लागला.

"सुग्रा! ती निळ्या पट्ट्यांची गादी कुठं हाय?"

"दिली."

"कोनाले?"

"भगवानरावच्या निकिताले. मधात एक दिवस मी घरी आलतो न, तवा मैनाबाई आली. पोरीच्या लग्नात द्यायले गादी पाहिजे म्हने. तुम्ही भरून ठेवलीच होती."

भगवानराव म्हणजे आमच्या गावाजवळ शेती करणारे कास्तकार, मैनाबाई त्यांची बायको. मुलगी तिकडे मारेगावला दिली होती, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. त्या लग्नात आमचा बँड आमच्याविनाच, दुसऱ्या ट्रम्पेटवाल्यावर निभावला होता.

रहेमानभाई खोलीच्या उंबऱ्यावर मटकन बसला. "त्यात क्लॅरनेट होती."

आधी आम्हाला समजलंच नाही. मग समजलं. कुलूप तुटेल या भीतीने त्याने क्लॅरनेटचे तुकडे सुटे केले, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गच्च बांधले आणि कापसाच्या थरात घालून वरून गादी शिवून टाकली होती. सोनं लपवायला लोक विहीर शोधतात, पिंजाऱ्याने गादी शोधली. आणि बायकोने ती आहेरात दिली! मी हसलो. सुग्राबी हसली नाही.

"माह्या भावापासून लपवली?" ती म्हणाली. "ज्यानं तिथं रोज तुमची खाट पुसली?"

तिने त्या दिवशी त्याच्या ताटात भाकर खरंच कोमट वाढली.

नौशाद, रहेमानभाई आणि मी, तिघे मारेगावला गेलो. नव्या नवरीची गादी उसवायला मागायची म्हणजे अब्रूचा प्रश्न. रहेमानभाई निकिताच्या सासूला म्हणाला, "बाई, एक टाका चुकला माह्या हातून. झोप लागत नाही मले." आयुष्यात त्याने गादीत चूक कबूल केली ती एवढीच, आणि तीही खोटी. निकिताने फडताळावरून गादी काढून दिली. पाहुण्यांसाठी म्हणून ती घडी करून ठेवलेली होती. तो अंगणात बसला, टाके उसवले, कापसात हात घालून एकेक पिशवी बाहेर काढली.

पिशवी सोडली तशी त्याची मान मागे गेली. आत पांढरी-हिरवी लव चढली होती. निघायच्या आदल्या दिवशी शेवटचे दोन सूर वाजवून, पुसायलाही न थांबता, ओलीच त्याने ती बांधून टाकली होती. तोंडाजवळची पत्ती काळी पडली होती, भोकं झाकणाऱ्या चिमुकल्या गाद्या फुगल्या होत्या, आणि नळीत आतपर्यंत बुरशी.

"बुरशीच्या जवळ जायचं नाही, डॉक्टरनं सांगतलं हाय," नौशादने त्याच्या हातातून तुकडे काढून घेतले. रहेमानभाईच्या हातातून क्लॅरनेट कोणी काढून घेतलेली मी पहिल्यांदा पाहिली. तो दूर, कडुनिंबाखाली जाऊन बसला आणि तिथून पाहत राहिला.

घरी आल्यावर नौशादने तोंडाला फडकं बांधून ती धुतली, सुकवली, नवी पत्ती लावली, भोकांच्या गाद्या बदलल्या. मोटारसायकलीचं कार्बोरेटर करतो तशी. त्या दिवसांत मागच्या खोलीचं दार उघडं असायचं. पिंजायचं कामही नौशादने अंगणात आणलं होतं, मशीनवर. रहेमानभाई ओट्यावर बसून त्याचा हात पाहायचा आणि नावं ठेवायचा.

क्लॅरनेट तयार झाली. नौशादने ती दोन्ही हातांनी रहेमानभाईपुढे धरली. त्याने ओठांना लावली. सुरुवातीचे सूर आले, तेच जुने, गोड. मग नवरीच्या धुनेतली ती लांब जागा आली, जिथं श्वास घ्यायची सोय नाही, आणि तिथं तो संपला. पुन्हा घेतली, पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदा त्याने घेतली नाही. सुग्राबी चुलीजवळून पाहत होती, हातातलं पीठ तसंच.

"वाजव," त्याने क्लॅरनेट नौशादकडे ढकलली.

नौशाद वाजवू लागला. लांब जागा आली आणि तिथं त्याचाही सूर तुटला.

रहेमानभाई झटक्यात उठला. माझ्या ढोलवाल्या डोळ्यांना काही दिसलं नव्हतं, पण त्याला दिसलं. त्याने नौशादची हनुवटी धरली. "ओठाच्या कोपऱ्यातून हवा सोडली तू. दवाखान्यातल्या मशीनीतही अशीच सोडलती न?"

नौशादने नजर चुकवली.

"बोल बे!"

"हो, दुल्हाभाई. तुम्ही ऑपरेशनले जाल का नाही, मले भेव वाटत होतं."

रहेमानभाईचा हात त्या हनुवटीवरच होता. मला वाटलं, आता मारतो.

"जळून राह्यलो मी," तो म्हणाला. "आताही जळून राह्यलो. पर भीक नोको देऊ मले. पुरं वाजव."

नौशादने डोळे मिटून पुरं वाजवलं. लांब जागा आली आणि तो तिच्यावरून सरळ गेला. रहेमानभाईच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि तोंडाने तो शिव्या देत होता, एकामागून एक, हळू आवाजात, तालात.

त्या उन्हाळ्यात नौशाद लाल कोट घालून पुढे उभा राहिला. पहिली वरात निघायच्या आधी रहेमानभाई माझ्याजवळ आला. "घनश्या, क्लॅरनेटच्या पुढं कोन चालते?"

"कोणीच नाही," मी म्हटलं.

"मंग मी चालतो."

तेव्हापासून प्रत्येक वरातीत तो सगळ्यात पुढे असतो. हातात काठी, तोंड बँडकडे, पाठ रस्त्याकडे, उलटा चालत. खड्डा आला तर पोरं ओरडून सांगतात. त्याची नजर नौशादच्या ओठांच्या कोपऱ्यावरून हलत नाही. लोक आता नौशादला सोडून या उलट्या चालणाऱ्या माणसालाच पाहतात, आणि ढोलवाल्याकडे अजूनही कोणी बघत नाही.